आमच्या मळ्यात दिवसा लाईट आली तेव्हा

माझ्या बाळांनो,

थोरल्या, गेल्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आजी, सौर वीज आल्यावर काष्टीच्या आपल्या मळ्यात काय बदललं?" तुला अभ्यासासाठी हवं होतं. कोळशाच्या विजेवर कर लावला, सौर विजेला सवलत दिली, की बाजारात कोणती वीज पुढे येते, हे तू छान समजावलंस. मी म्हटलं, "आता दिवसा लाईट असते," आणि विषय बदलला. ते उत्तर अर्धं होतं. आजोबा झोपेत गेले असं मी तुम्हा दोघांना सांगितलं होतं, तेही खरं नाही. आता तू विचारलंच आहेस, तर लिहिते.

तेव्हा शेतीच्या पंपांना एक आठवडा दिवसा लाईट असे, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आजोबा जेवण करून बॅटरी घेऊन लिंबाच्या बागेत दारं धरायला जात. एका झाडाचं आळं भरलं की फावड्याने माती ओढून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. सत्तरी ओलांडली तरी हे काम त्यांनी दुसऱ्याला दिलं नाही.

सबस्टेशनजवळ माझ्या नावावर थोडी पडीक जमीन होती. सरकारी योजनेतून तिथे सौर प्रकल्प व्हायचा होता. जमीन कंपनीला भाड्याने दिली, की सगळ्या वस्तीच्या पंपांना दिवसा वीज मिळणार होती. करारनामा इंग्रजीत होता आणि शाळेत इंग्रजी शिकवलेली घरात मीच, म्हणून मीच वाचला. पट्टी ठेवून, ओळ न् ओळ. पंचवीस वर्षांची मुदत संपल्यावर जमिनीतले काँक्रीटचे पाये कोण काढणार, हे त्यात कुठेच नव्हतं. मी क्रमांक घालून प्रश्न पाठवले. उत्तरं आली, त्यातून आणखी प्रश्न निघाले. दिवाळी गेली.

एके दिवशी माझे धाकटे दीर ओट्यावर येऊन बसले.

"वैनी, पोरांचे पेपर संपले, आता कंपनीचे तपासताय व्हय?"

"सही एकदाच होते, भाऊजी. जमीन परत कशी मिळणार ते नको कळायला?"

"पंचवीस वर्सांनी तुमी हाय का मी हाय?"

"नातवंडं आहेत."

आजोबा हसले. "घाई करू नको रे तिला. घंटा झाली तरी ही वर्ग सोडायची न्हाई. तोवर जातो की मी रातचा."

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. सकाळी मी चहा ठेवला, ते आले नाहीत. दीर बघायला गेले. आजोबा बांधाला टेकून बसल्यासारखे होते. फावडं मांडीवर, बॅटरी अजून मिणमिणत होती. पाणी एकाच आळ्यातून फुटून रस्त्यापर्यंत गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गारठा, जागरण. घरी झोपले असते तरी कदाचित झालं असतं, असंही म्हणाले. त्या 'कदाचित'ला मी अजून धरून आहे.

पाये कंपनी काढील, असं पत्र त्याच आठवड्यात आलं. तेराव्यानंतर मी सही केली.

पुढच्या हिवाळ्यात प्रकल्प सुरू झाला. पहिल्या दिवशी सकाळी नऊला मोटर चालू झाली आणि दीर मला बोलवायला आले. उन्हात पाणी आळ्यात शिरत होतं.

"आज दादाला बॅटरी लागली नसती, वैनी," ते म्हणाले आणि फावडं घेऊन पुढे गेले.

मला कुणी कधी बोल लावला नाही. पाय्यांचं कलम मागणं बरोबर होतं, उशीर माझा होता. हे तुझ्या अभ्यासात कुठे बसेल, मला ठाऊक नाही.

आजोबांची बॅटरी बंद पडली आहे. त्यांचं फावडं दीर वापरतात. लिंबाची बाग आहे आणि तिला दिवसा पाणी मिळतं.