बाबा आधी आत जायचे

"पल्मनरी फायब्रोसिस," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे फुफ्फुसांवर वण पडून ती कडक होणं. बाबांनी शांतपणे "थँक यू, डॉक्टर" म्हटलं. रडले मी.

बाबा निवृत्त लष्करी अधिकारी. न्यूझीलंडमध्ये लोअर हटला माझ्याकडे राहायला आले आणि घराकडचा चढ चढताना त्यांना धाप लागू लागली. मी ते वयावर ढकललं.

वण कशाने पडले, ते कळेना. "केमिकल्सशी कधी संबंध आला?" डॉक्टरांनी विचारलं. "नो," बाबा ठामपणे म्हणाले. मग बायॉप्सी ठरली, म्हणजे फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासणं. या वयात भूल झेपेल का, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. माझी झोपच उडाली.

त्याआधी एक डिफ्यूजन टेस्ट होती. फुफ्फुसं हवा किती शोषतात ते त्यात बघतात, आणि त्यासाठी श्वास रोखायचा असतो. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करत टेक्निशियनने नळी दिली. बाबांनी आधी सगळी हवा सोडली, खांदे सैल केले, मग सावकाश श्वास भरून घट्ट धरला.

"पाणबुडे होतात का?" त्याने नंतर विचारलं.

"छे. क्लोरिनच्या गोदामात असंच जायचो."

मी बघतच राहिले. एकाहत्तरच्या युद्धात बाबांची तुकडी रसायनं पुरवायची. पाणी शुद्ध करायचा क्लोरिन, बॅटऱ्यांचं ॲसिड. सिलिंडर गळत असल्याची शंका आली की आधी अधिकाऱ्याने आत जायचं, मागून जवानांनी, अशी तिथली रीत. कधीकधी आतच श्वास सुटायचा, मग कित्येक दिवस खोकला.

"मग 'नो' का म्हणालात?"

"अगं, माल हाताळायचे जवान. मी नुसता बघून यायचो."

बाबांना पूर्वी पुण्यात न्यूमोनिया झाला होता, तेव्हाचा जुना स्कॅन डॉक्टरांनी मागवला. वण तेव्हाही होते, त्यानंतर फारसे वाढलेले नव्हते. कारण क्लोरिनच असणार, म्हणून बायॉप्सी रद्द झाली. मी डॉक्टरांचे हातच धरले.

वण जाणार नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन आलंय. तुमच्या घरी असं काही झालं, तर "संबंध आला का" एवढ्यावर थांबू नका. दिवसभर नेमकं काय करायचात, ते विचारा.

बाबांना मात्र सुटल्याचा आनंद नव्हता. "माझ्यामागून आत गेलेल्यांचं काय?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाल्या.

घरी येताच त्यांनी साताऱ्याला, तुकडीतल्या हवालदारांच्या घरी फोन लावला. हवालदार वारले होते. शेवटी फार धाप लागायची, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं.

बाबांनी फोन ठेवला. मग नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि पुढच्या जवानाचा नंबर लावला.

"महादू, मी साहेब बोलतोय. खरं सांग, धाप लागते का रे तुला?"