रोझेन आजींचा चौथा मजला

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये किस्से फार साठतात. दम खायला माणूस जिथे थांबतो, तिथे बोलतोच! दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लंडनमध्ये व्हाइटचॅपलला अशाच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचो. शंभर वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या ज्यू कुटुंबांसाठी ती बांधलेली. त्यांच्यातल्या आता एकट्या रोझेन आजी उरल्या होत्या, आमच्या समोरच्याच दारात. वय सत्त्याऐंशी. मुलगी रूथ लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, एजवेअरला. आईला तिकडच्या केअर होममध्ये न्यायचं हा तिचा हट्ट, आणि इथून हलायचं नाही हा आजींचा!

*

पहिल्याच शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी आजींनी दार वाजवलं. "माझ्या किचनमध्ये फार अंधार आहे." मी धावत जाऊन टॉर्च आणला. आजी दोन पावलं मागे सरकल्या!

शुक्रवारच्या संध्याकाळपासून ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; तेव्हा दिवा लावायचा नाही, दुसऱ्याला 'लाव' म्हणायचंही नाही, हे मला नंतर कळलं. नुसतं सुचवायचं, आणि समोरच्याने आपणहून बटण दाबायचं. पुण्यात जन्म काढून मला हे कळू नये?

*

माझी आई आली तेव्हा आजींचं किचन बघून आली. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, घासण्यासुद्धा वेगळ्या. "आपलं सोवळं म्हणजे काहीच नाही गं," आई म्हणाली, "इथे तर घासणीलाही सोवळं!"

*

रूथने कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवलं की आई चौथ्या मजल्यावर एकटी राहते. एक तरुण बाई फॉर्म घेऊन चार मजले चढल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "मिसेस रोझेन, तुम्हाला जिना झेपतो का?"

"मला झेपतो. तू आधी बस, पाणी आणते!"

*

जानेवारीत मात्र आजी बाथरूममध्ये पडल्या. मनगट मोडलं. हाक ऐकून मीच धावले. रूथ जिन्यात माझ्यासमोर रडली. "पुढच्या वेळी तू घरी नसलीस तर?" खरं सांगते, मला तिचंच पटत होतं.

आजींना नाही. "पडले बाथरूममध्ये. एजवेअरला काय बाथरूम नसतात?"

*

आणि मार्चमध्ये आजीच एकदम म्हणाल्या, "रूथ, रविवारी व्हॅन घेऊन ये."

आठवडाभर त्या खोकी भरत होत्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू सेलोटेप तेवढी धर." रविवारी रूथने आणि तिच्या नवऱ्याने अकरा खोकी खाली नेली. मागोमाग आजी उतरल्या. कोट, हॅट, लिपस्टिक. मला भरूनच आलं.

रूथने व्हॅनचं पुढचं दार उघडून धरलं. आजींनी तिचा मुका घेतला.

"तुझ्या शाळेच्या वह्या, तुझ्या बाहुल्या, तुझे लग्नातले डिनर सेट. चाळीस वर्षं सांभाळलं, आता तू सांभाळ."

"आई, आणि तुझं सामान?"

"वर आहे," म्हणत आजी जिन्याकडे वळल्या. "आता कुठे घरात वावरायला जागा झाली!"