दंडाला लस, हॉलमध्ये उशी

माझ्या दंडाला लस टोचली, म्हणून माझा नवरा दोन महिने हॉलमध्ये झोपला.

मुळात मी लेकीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, लस द्यायला गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हालाही घेता येईल." घेतली. दुसरा डोस दोन महिन्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी.

"दंड जरा दुखेल. काही शंका?"

शंका होती. चांगली ठसठशीत होती! पण शेजारी लेक, दारात कंपाउंडर. मी विचारलं, "दही चालेल का?"

घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न टाकला, "पथ्य काय?"

"काही नाही सांगितलं."

"असं कसं? साध्या काढ्यालाही पथ्य असतं! आणि ही तर तिथली लस. पथ्यही तिथलंच असणार." त्यांनी संदीपची उशी उचलली आणि थेट हॉलमधल्या दिवाणावर नेऊन ठेवली.

"किती दिवस, आई?" संदीपने विचारलं.

"डोस तीन ना? मग सहा महिने!"

माझा संताप संताप झाला. दंड माझा, नवरा माझा, आणि पथ्य ठरवणार ह्या! पण मी शब्द काढला नाही. कारण खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. (मी शाळेत विज्ञान शिकवते. हसू नका.) नवरा तर पहिल्याच रात्री दिवाणावर सुखाने घोरू लागला. चौदा वर्षं ज्या घोरण्याला मी नावं ठेवली, त्याच्यावाचून मला झोप येईना. याचाही मला राग आला!

पुढे सासूबाईंनी फोनवर माझ्या धाकट्या भावाला सहज सांगितलं, "संदीप हल्ली हॉलमध्ये झोपतो." झालं! भाऊ निफाडहून द्राक्षांची पेटी घेऊन समेट करायला हजर.

"ताई, काय बिनसलं तुमचं? दाजी देवमानूस हाय. तू लय ताणू नको, जरा सोसून घे."

"मी सोसू? अरे, मला लस टोचलीय!"

"मंग दाजींना कशाला शिक्षा?"

आता सख्खा भाऊही माझ्यावरच उलटला! मी ओरडले, सासूबाई ओरडल्या, संदीप द्राक्षं धुवायला गेला. दुसऱ्या डोसची वेळ झालीच होती. सासूबाई म्हणाल्या, "चल, डॉक्टरांच्याच तोंडून ऐक."

दवाखान्यात बाकं गच्च भरलेली. डॉक्टरीणबाई दारात दिसताच सासूबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "ही लस घेतल्यावर नवरा-बायकोनं किती दिवस लांब झोपायचं हो?"

अख्खं बाक पुढे झुकलं.

"एकही दिवस नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवस गेले असतील तर मात्र पुढचा डोस थांबवायचा. आणि लस घेतली तरी गर्भाशयमुखाची पॅप तपासणी चुकवायची नाही. हे लांब झोपायचं कोणी सांगितलं?"

सासूबाईंनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "ही काही बोललीच नाही. मला वाटलं, हिला माहीत असेल. शाळेत विज्ञान शिकवते."

मागून एक बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगंबाई, मग आम्ही उगाचच!"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, दहावीला प्रजननाचा धडा असतो ना? तुम्ही कसा शिकवता?"

काय सांगू? दरवर्षी तो धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून म्हणते, "हा घरी वाचा." आमच्या घरी तो अजून कोणीच वाचलेला नव्हता!