पाटलाचं दार

महिपती येरवड्याहून सुटून आला, तरी गाव त्याला पाटीलच म्हणायचं. पाटीलकी मात्र चुलतभाऊ कोंडीबाकडे गेली होती. शिक्षा झालेल्या माणसाकडे सरकार ते काम ठेवत नसे.

गुन्हा खरा होता. मायाप्पा धनगराची मेंढरं महिपतीच्या उभ्या जोंधळ्यात शिरली आणि त्यानं रागात काठी घातली. मायाप्पाचा उजवा हात कोपरात वाकडाच राहिला.

महिपती रोज सकाळी ओट्यावर घोंगडं टाकून बसे. पूर्वी इथं माणसं भांडत यायची आणि पाणी पिऊन जायची. आता चिमण्या यायच्या. बायको नीलम्मा एकदा म्हणाली, कुणाची वाट बघताय? दुसऱ्या दिवशी घोंगडं तिनंच टाकलं.

कोंडीबा भित्रा. गावात चोऱ्या वाढल्या. लोकांनी मामलेदाराकडे महिपतीला परत मागितलं. मामलेदार चावडीवर आला. गावाची हरकत नसेल तर वर शिफारस करतो, म्हणाला. कोंडीबाला कुत्रंसुद्धा भीत नाही, असं कुणीतरी बोललं. कोंडीबाही हसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिपतीनं पटका सारखा केला.

मग मामलेदारानं मायाप्पाला विचारलं.

"न्हाय म्हणणारा मी कोण? पाटलांनी भोगलंय की," मायाप्पा म्हणाला. "पण त्या दिशी हात धरून फिर्याद द्यायला निघालो. पाय सवयीनं पाटलाच्या दाराकडं वळलं. ओट्यापाशी आलो अन् ध्यानात आलं, काठी घालणारं हितंच ऱ्हात्यात. मग कुटं जायाचं ते कळंना. अजून कळत न्हाय."

महिपती बराच वेळ त्या वाकड्या कोपराकडे बघत राहिला. मग उठला.

"साहेब, कोंडीबालाच ऱ्हाऊ द्या."

गाव त्याच्यावर चिडलं. नीलम्मानं त्या दिवसापासून ओट्यावर घोंगडं टाकलं नाही.

बेंदराच्या सणाला पाटलाचे बैल सगळ्यांत पुढं वेशीच्या तोरणाखालून जातात. त्या वर्षी कोंडीबाचे गेले. महिपती आपला म्हातारा बैल घेऊन मागं उभा होता. नीलम्मानं त्याची शिंगं नेहमीसारखीच रंगवली होती. हलगी वाजली तसा बैलानं कान टवकारले आणि सवयीनं पुढं ओढ घेतली. महिपतीनं दोन्ही हातांनी कासरा धरला. बैल ओढतच राहिला. कासरा तळव्यात काचत होता.

त्याला वाटलं, सोडावा. एकदाच, वेशीपर्यंत.