बावीसची गोळी

दत्ताराम संगमेश्वराकडचा. गावात असताना पावसाळा सरला की ठासणीची बंदूक घेऊन भेकरामागे जायचा. एक्याण्णवला गवंड्याच्या हाताखालचा म्हणून शारजात आला आणि पुढे रास अल खैमाच्या डोंगराखाली एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, मळ्यावर लागला. तिथे खजुरीची झाडं होती, दोन बोअर होत्या आणि मागच्या बाजूला उंच जाळीच्या आत चितळं होती. मालकाला कुणीतरी चार-पाच भेट दिली होती, ती वाढत शंभरावर गेली. चारावैरण दत्तारामकडे. तो तेलाचा रिकामा डबा काठीने वाजवायचा, की सगळा कळप धावत यायचा. हाताला नाक लावायचा. पाहुणे आले की अरबाब मुद्दाम डबा वाजवायला लावी.

नव्याण्णवला पाऊस फिरकलाच नाही. एका बोअरचं पाणी मिठासारखं झालं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, निम्मी कमी करा, नाहीतर सगळीच जातील. विकत घ्यायला कुणी तयार होईना. मग अरबाबाचा भाचा खलफान दुबईहून गाडीतून दोन रायफली घेऊन आला. एक बावीसची, पेन्सिलीएवढ्या नळीची. दुसरी तीनशे आठ, हातात घेतली की खांदा आपोआप मागे सरावा अशी.

"पचास मीटर भी नहीं है," खलफान म्हणाला. "बडीवाली. एक गोली, एक जानवर. खलास."

अरबाबाने दत्तारामकडे पाहिलं. "तुम गाँव में शिकार करता था ना? तुम बोलो."

दत्तारामला उत्तर ठाऊक होतं. चितळासारख्या अंगाच्या जनावराला बावीस म्हणजे टोचणी. पण त्याला वाटलं, टोचणीच बरी. चार-दोन पडतील, बाकीची पळतील, दुपारपर्यंत हे कंटाळून परत जातील. आणि कळप निम्मा झाला तर मळ्यावरच्या दोन गड्यांतला एक घरी जाणार, तो आपणच, हेही त्याच्या मनात होतं. गावाकडे बारीक छर्रे लागलेलं भेकर झाडीत पळून जायचं. पुढे त्याचं काय होतं ते बघायला कुणी जात नसे.

"छोटी अच्छी है अरबाब," तो म्हणाला. "बडी से गिरते ही मर जायेगा, बावर्ची कमरुद्दीन छुरी कब चलायेगा? छोटी से जिंदा रहेगा, हलाल होगा. और जाली के पीछे हमारा रूम है. बडी गोली उधर जायेगी."

अरबाबाला ते पटलं. खलफानने खांदे उडवले.

शुक्रवारी सकाळी खलफानचे मित्र गाड्या घेऊन आले. दत्तारामला डबा वाजवायला सांगितलं. त्याने वाजवला. कळप धावत आला.

बावीसच्या बंदुकीला आवाज नसतो म्हटलं तरी चालेल. काडी मोडल्यासारखा टक. एक मादी जागीच बसली, बाकीच्यांनी नुसते कान वळवले. कुणी पळालं नाही. आणि बंदुकीला धक्का नाही, त्यामुळे कुणी दमलंही नाही. ज्यांनी जन्मात बंदूक धरली नव्हती तेही "हबीबी, अब मैं" म्हणत रांगेत आले. गोळ्यांच्या डब्या संपल्या तशा आणखी आणवल्या. स्वयंपाकी कमरुद्दीन, आपल्या बाणकोटचा, सुरी घेऊन जाळीच्या आत धावत होता. जे पडेल त्याच्या गळ्यापर्यंत पोचायच्या आत ते उठून चालायला लागायचं. दुपारी जेवण झालं, पुन्हा सुरू झालं. दिवस कलता असराच्या बांगेला गाड्या निघून गेल्या.

दहा-बारा हाती लागली होती. उरलेल्या कळपात किती जणांच्या अंगात गोळी होती ते कळायला मार्ग नव्हता. रक्तही फार दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाऱ्याच्या वेळी ते दिसलं. डबा वाजला तशी ती आली. एकाचा जबडा लोंबत होता. ते गवतात तोंड घालायचं, गवत खाली पडायचं, पुन्हा तोंड घालायचं. एक मादी मागचे पाय ओढत सगळ्यांच्या शेवटी पोचली आणि सवयीने त्याच्या हाताला नाक लावून उभी राहिली. तिच्या पोटावर माश्या बसल्या होत्या.

"दत्ताराम," कमरुद्दीन म्हणाला, "तू जाणूनबुजून छोटी सांगितलीस?"

"वाचतील वाटलं."

"वाचलीत. बघ आता."

दत्ताराम अरबाबाकडे गेला, मोठी बंदूक मागितली. अरबाब दाराशी आला, जाळीकडे न बघता बोलला. बंदुका खलफानबरोबर दुबईला गेल्यात, तो आजच लंडनला निघालाय. आणि असत्या तरी, "तुम्हारे हाथ में बंदूक? पुलिस मुझे भी ले जायेगी, तुमको भी." मग आत वळताना म्हणाला, "छुरी है ना."

म्हणून सुरी. तो डबा वाजवायचा, जखमी जनावर ओळखून त्याला कुरवाळत धरायचा, आणि कमरुद्दीन सुरी चालवायचा. चौथ्या दिवशी कमरुद्दीनने सुरी त्याच्या पायाशी टाकली. "मला जमायचं नाही आता. तुझी जनावरं, तूच कर." पुढची दत्तारामने स्वतः केली. ज्यांना सकाळी गोंजारलं त्यांना संध्याकाळी कापलं. जखमांना वास सुटलेली सुद्धा जवळ येत होती. मग हळूहळू धडधाकट चितळं डब्याचा आवाज ऐकून जाळीच्या पार टोकाला जाऊन उभी राहायला लागली. चारा टाकून तो बाहेर गेला तरच खायची.

थंडी पडायला लागल्यावर खलफान परतला. या वेळी तीनशे आठ आणि तो एकटाच. आवाजाने डोंगर घुमला. चितळ उभं असायचं आणि दुसऱ्या क्षणी नसायचं. पाय झाडायलाही वेळ नाही. हवी तेवढी कमी झाली, चहा निवायच्या आत.

बंदूक गाडीत ठेवताना तो दत्तारामला म्हणाला, "मैंने बोला था ना? तुम बोला छोटी."

"जी," दत्ताराम म्हणाला.

आठवड्याने अरबाबाने त्याला बोलावलं. कळप आता तुझ्याजवळ येत नाही, चाऱ्याला दुसरा गडी पुरेल, म्हणाला. आवाज वाईट नव्हता. व्हिसा रद्द झाला. कमरुद्दीन टॅक्सीपर्यंत बॅग घेऊन आला, डिकीत ठेवली, आणि हात न मिळवता रश्श्याला फोडणी द्यायची आहे म्हणून आत गेला.