डाव्या तळहातावरचं लिंग

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतात. लग्न होऊन चाकूरला आल्यापासून मी ती एक दिवस चुकवली नाही, आणि लकवा मारला तो नेमका डाव्या अंगाला. देवाला दुसरी बाजू सापडली नाही का, असं मनात आलं. त्याचा राग आला होता, ते लपवत नाही.

लातूरच्या दवाखान्यात जीव सावरला, पण एक भलतंच सुरू झालं. सून महानंदा भाजीच वाढत नाही म्हणून मी तिला चार लोकांत बोलले. मेंदूच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि माझं ताट फिरवलं, तर भाजी समोर. डोळे चांगले आहेत, मेंदू डावी बाजू विसरलाय, म्हणाले. मला पटलं नाही. पण ते गेल्यावर मी ताट दोनदा फिरवून पाहिलं. भाजी येत होती, जात होती.

दुसऱ्या सकाळी महानंदानं माझ्या गळ्यातल्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. मला काहीच दिसलं नाही. "लिंग हरवलंस तू," मी म्हणाले. "आता पूजा कशाची करू? कशाला जगू?" ती रडायला लागली. व्यायाम शिकवणारी बिलोलीकडची पोरगी तिथंच होती. तिनं माझ्या डाव्या हाताखाली लाल कापड सरकवलं.

"आजी, मान डावीकडं वळवा. लाल दिसंपर्यंत थांबायचं न्हाई."

"लई दुखतंय."

"सुनेला बोलताना न्हाई दुखत ते?"

वळवली. लाल कापड दिसलं. त्यावर कुणाचा तरी सैल हात पडलेला, आणि हातावर लिंग.

"ह्यो हात कुणाचा?" मी विचारलं.

"लिंग कुणाचं हाय?"

"माझं."

"मग हात कुणाचा असंल?"

स्वतःचा हात मी लिंगावरून ओळखला. हे कसं झालं ते डॉक्टरांना ठाऊक असेल, मला नाही.

त्या दिवसापासून पूजेत डाव्या हाताकडे नजर लावून बसणं हाच माझा व्यायाम ठरला. आता ताटात भाजी दिसली नाही तर आधी ताट फिरवते, मग महानंदाला बोलते. मूठ अजून वळत नाही. पोरगी म्हणते, वळेल किंवा नाहीही वळणार. पण लिंग मुठीत धरायचं नसतं, उघड्या हातावर ठेवायचं असतं. तेवढा हात त्यानं मला परत दिलाय.