कोर्टातली शिपाईबाई

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर वाकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी लिहिताना समोर चार माणसं बसली आहेत असं धरावं लागतं, नाहीतर माझं वाक्य पुढे सरकत नाही.

कोर्टात साक्षीला आलेलं माणूस बाकावर शिपाईबाईजवळ टेकायचं आणि सुरू करायचं, बाई, त्या दिवशी असं झालं की... तिथेच ती दोन्ही हात कानांवर ठेवायची. "मले नको सांगू. साहेबाले सांग." माणूस गप्प झालं की हात खाली. पुन्हा सुरू झालं की पुन्हा वर. रागानं नाही, ऊन आलं की आपण डोळ्यांवर हात धरतो, तसं.

ती आमच्या तालुक्याच्या कोर्टात शिपाई होती. तिचं नाव लिहीत नाही. सगळे शिपाईबाईच म्हणायचे. अंगानं बारीक, पन्नाशी उलटलेली, पण तिनं नावाचा पुकारा केला की रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणारा माणूस कप ठेवून पळत यायचा. माझी तिची ओळख झाली ती माझ्या नावानं समन्स आलं म्हणून.

मी तेव्हा जाम गावाच्या चौकाजवळ एका हॉटेलात पोळ्या करायची. एका दुपारी मालकाच्या साळ्यानं आवारातून जीप मागे घेतली. मान वळवून पाहिलं नाही, फोन कानाला होता. कडेला एक बाई बसची वाट बघत उभी होती, तिला धडक बसली. चुलीसमोरच्या खिडकीतून मी सगळं पाहिलं. त्या बाईच्या पायाची सेवाग्रामच्या दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली, तरी ती आजही पाय ओढत चालते. पोलीस आले तेव्हा मी पाहिलं ते सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. साळा म्हणत होता, बाईच मध्ये आली. पाहणारी मी एकटीच होते.

दोन वर्षांनी समन्स आलं. हवालदारानं सही घेतली, तारीख सांगितली आणि गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कोर्टाचा कागद आला म्हणजे आपल्याला धरणार, एवढंच मला माहीत. मी थैलीत दोन लुगडी, टॉवेल आणि एक चादर भरली, शेजारणीला बकरीकडे बघायला सांगितलं आणि पहिल्या बसनं गेले.

कोर्टाच्या दारात मी चप्पल काढून ठेवली. शिपाईबाई पायरीवर उभी होती.

"चप्पल घाल माय. येथी देव नाई बसत. अन् हे थैली कायची?"

मी म्हटलं, कपडे आहेत.

"कोणत्या गावाले चालली?"

मला आत ठेवतील म्हणून आणले, असं मी कसंबसं सांगितलं. ती एवढी हसली की आतला कारकून बाहेर डोकावला. मग डोळे पुसून म्हणाली, "अवं, ज्यानं केलं त्याले आत ठेवते. ज्यानं पाह्यलं त्याले बाकावर ठेवते. बस."

तुमच्यापैकी कोणाला असा कागद आला तर कोर्टात काय असतं ते मी तिच्याकडून शिकले तसं लिहिते. आधी समन्स कारकुनाला दाखवायचं. भिंतीवर त्या दिवशीच्या केसेसचा कागद लावलेला असतो, त्यात आपला नंबर बघायचा. मग बसायचं. पाणी आणि भाकर सोबत ठेवायची, कारण नंबर सकाळी लागेल की चार वाजता, हे न्यायाधीशांनाही माहीत नसतं. चहाला जायचं तर शिपायाला सांगून जायचं. दुसऱ्या बाजूचं माणूस गोड बोलायला आलं तर उठून दुसऱ्या बाकावर जायचं. आणि दिवसभर बसूनही तारीख वाढू शकते.

माझी वाढली. त्या दिवशी समोरचे वकील आले नाहीत. रोजी बुडाली म्हणून माझं तोंड उतरलं, तर ती मला धरून कारकुनाच्या टेबलापाशी घेऊन गेली. साक्षीदाराला बसभाडं आणि जेवणाचा भत्ता मिळतो, त्याचा कागद भरायचा असतो. मी नको म्हणत होते, उगाच सरकारचे पैसे कशाला. ती म्हणाली, "घे. तू येथी फिराले नाई आली. सरकारनं बलावलं म्हणून आली."

दुसऱ्या तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर होते. मी घरचा चिवडा नेला होता, तो तिच्यापुढे केला. तिनं हात मागे घेतला. केस चालू आहे तोवर साक्षीदाराच्या हातचं ती खात नाही, आणि आपल्या डब्यातलं देतही नाही. उद्या कोणी म्हणेल, शिपाईबाईनं चिवडा खाऊन बाईला पढवलं. मग मी बाकाच्या या टोकाला चिवडा खाल्ला, ती त्या टोकाला तिची भाकर खात बसली. मधे तिसरं कोणी नव्हतं. मला हसू आलं, तिलाही आलं, पण ती सरकली नाही.

माझी खरी अडचण तिनं त्याच दिवशी ओळखली. मी चार माणसांत बोलत नाही. गिऱ्हाईकानं पोळी मागितली तरी मी नुसती मान हलवायची. कारकुनानं नाव विचारलं तेव्हा त्याला तीनदा "काय?" म्हणावं लागलं होतं. ती म्हणाली, पुढच्या तारखेला लवकर येजो, मी खोली झाडतो तेव्हा.

त्या आधी मालकानं मला बोलावलं. तो माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीचं पोटाचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यानं पंधरा हजार उचल दिली होती, कागदही लिहून घेतला नव्हता. महिन्याला थोडे कापून घ्यायचा. त्या दिवशी तो गल्ल्यावर बसून खालच्या आवाजात बोलला.

"मावशी, तू चुलीपाशी होती. धुरात काय दिसते?"

मी हातावरचं पीठ झटकलं. तोच पुढे म्हणाला,

"मी उचल देताना इचार केला का? तू बी करजो. घरवाली रोज रडून राह्यली भावासाठी. 'दिसलं नाई' म्हण, बाकी पैसे सोडले. दिसलं म्हणशील तर पैसे एकदम पाह्यजे, अन् काम दुसरीकडे पाह्य."

तेव्हा अकरा हजार बाकी होते. तेवढे एकदम आणायला माझ्याकडे काही नव्हतं. "दिसलं नाही" हे दोनच शब्दांएवढं काम होतं, आणि माझ्यासारखीला तर ते सोपंच. कमी बोलावं लागलं असतं.

तिसऱ्या तारखेला मी सकाळी नऊलाच पोचले. शिपाईबाई खोली झाडत होती. मला बघितल्यावर तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला आणि मला लाकडी कठड्यात उभं केलं. साहेब कुठे बसतात, टाइप करणारे कुठे, सरकारी वकील कोणत्या बाजूनं उठतात, ते दाखवलं. पंखा लावला. म्हणाली, हा खडखड करते, याच्यावर आवाज काढा लागते. खुर्चीकडे पाहून नाव सांग.

मी सांगितलं. मलाच ऐकू आलं नाही.

"रिकाम्या खुर्चीले काऊन भेते? थे काय खाते तुले?"

चौथ्या वेळी माझा आवाज दारापर्यंत गेला. ती दारातच उभी होती, म्हणून मला कळलं. आता माझा धीर चेपला आणि मी पुढचं बोलायला लागले, त्या दिवशी मी पोळी लाटत होते... तिचे हात लगेच कानांवर गेले. नाव सांगायला शिकवते, साक्ष नाही, म्हणाली.

पण मला ते सांगायचंच नव्हतं. मी म्हटलं, बाई, जे पाहिलं ते नाही सांगत. मालक काय म्हणाला ते सांगते. तिचे हात तसेच होते. मी तरी बोलत राहिले: उचल, अकरा हजार, काम. हळूहळू तिचे हात खाली आले.

तिनं मला काही सल्ला दिला नाही. खरं बोल, असंही म्हणाली नाही. मला सरकारी वकील बाईंच्या टेबलापाशी नेलं, "हे तुमाले काही सांगून राह्यली," एवढं म्हणाली आणि ऐकू येणार नाही इतकी दूर जाऊन उभी राहिली. वकील बाईंनी सगळं लिहून घेतलं. साक्षीदाराला असं दाबणं हासुद्धा गुन्हा आहे, तक्रार द्यायची का, असं विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी साळ्याबरोबर कोर्टात आलेल्या मालकाला नुसतं माझ्यापासून दूर बसायला सांगितलं. पण पैसे माझ्याकडे बाकी होते, ते कोणी वकील मिटवू शकत नव्हते.

साडेबाराला पुकारा झाला. आत जाताना शिपाईबाई पुटपुटली, "माह्याकडे नको पाहू. अन् जे माहीत नाई ते माहीत नाई म्हण. थे बी उत्तरच आहे."

शपथ घेतली. सरकारी वकील बाईंनी विचारलं तसं सांगितलं. साहेब दोनदा म्हणाले, बाई, जरा मोठ्यानं. मग समोरचे वकील उठले. त्यांनी विचारलं, जीप किती वेगात होती. मी म्हटलं, माहीत नाही. बाई किती वेळ उभी होती? माहीत नाही. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, धुरात तुम्हाला दिसणार तरी काय. मी म्हटलं, धूर माझ्या मागे जातो, खिडकी पुढे आहे. जीप मागे आली, त्याच्या कानाला फोन होता, त्यानं वळून पाहिलं नाही.

मग ते मालकाकडे पाहून म्हणाले, "तुम्ही यांच्याकडून पैसे घेतले आहेत. ते बुडवता यावेत म्हणून तुम्ही यांच्या नातेवाइकाविरुद्ध खोटं सांगता."

माझ्या आयुष्यात मला कोणी चोर म्हटलं नव्हतं. नजर दाराकडे जाणार होती, ती मी खुर्चीवर धरली.

"पैसे घेतले हे खरं आहे," मी म्हटलं. "ते मी सगळे फेडीन. जीप मागे आली हेही खरं आहे."

साहेबांनी मला पुन्हा सांगायला लावलं नाही. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. नंतर सगळी साक्ष मला वाचून दाखवली आणि खाली माझी सही घेतली. मी बाहेर आले. शिपाईबाई पुढचा पुकारा करत होती, तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं. मालक पैसे एकदम मागत होता. मी म्हटलं, एकदम नाहीत, पण राहणार नाहीत. चौकातल्या दुसऱ्या हॉटेलवाल्यांनी मला घेतलं नाही, मग मी कापूस वेचायला जाऊ लागले. वेचणी सरली की निंदणी, निंदणी नसली की लग्नाकार्यात पोळ्या. कधी पाचशे, कधी तीनशे नेऊन द्यायची. मालक वहीत मांडायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही.

निकाल सात महिन्यांनी लागला. साळ्याला दंड झाला आणि त्यातून त्या बाईला नुकसानभरपाई द्यायचा हुकूम झाला. मी तो ऐकायला गेले होते. नंतर शिपाईबाईला डबा दिला, भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा. या वेळी तिनं हात मागे घेतला नाही. आम्ही बाकाच्या एकाच टोकाला बसलो. घास खाता खाता म्हणाली, "आता सांग. काय पाह्यलं होतं तू?"

मी म्हटलं, तुम्ही तर दारातच होत्या, सगळं ऐकलं असेल.

"कामाच्या टाइमाले मी फक्त नावं आयकतो," ती म्हणाली. "आता सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. पोळी लाटत होते तिथपासून. मला वाटतं त्याआधी आणि त्यानंतर मी कोणाशी सलग इतकं बोलले नाही. तिनं मधे एकदाच विचारलं, पोळी जळली का. मी म्हटलं, जळली.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. मी एका कामानं तिकडे गेले तेव्हा पायरीवर एक तरुण शिपाई उभा होता. त्याचा पुकारा टपरीपर्यंत जात नव्हता, लोकच दारापाशी गर्दी करून उभे होते. ती मुलाकडे गेली, एवढं कारकुनानं सांगितलं. कोणत्या गावी ते त्याला माहीत नव्हतं. पुढचं मला तिला सांगायचं होतं, ते राहिलं, म्हणून इथे लिहिते.

मागच्या महिन्यात शेवटचे आठशे घेऊन मी हॉटेलात गेले. दुपारची गर्दी होती. मालक थकलेला दिसला. नोटा पाहून म्हणाला, "राहू दे मावशी. झालं गेलं. परत कामावर ये. तुयासारख्या पोळ्या कोणी करत नाई."

मी म्हटलं, हे आधी मोजा. सगळे फेडीन म्हणून कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे.

दोन-तीन गिऱ्हाइकांनी माना वर केल्या, म्हणजे मी मोठ्यानं बोलले असणार. मालकानं नोटा मोजल्या, वही काढली आणि माझ्या नावाच्या पानावर आडवी रेघ मारली. वही माझ्याकडे फिरवली. मी एकेक आकडा बोटानं वाचला. पंधरा हजार पुरे झाले होते.